आजीच्या टॉवेलची किनार

“हेमाताई, माग थांबवलाय म्या. जरा खाली या की.”

फोनवर कुंडलिकमामांचा आवाज ऐकून हेमावतीला वाटलं, धागा तुटला असेल. चहाचा कप तसाच टेबलावर ठेवून ती डिझाइनच्या खोलीतून निघाली आणि लोखंडी जिना उतरून शेडमध्ये आली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात चोवीस माग एकदम धडधडत असले की माणसं ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखतात. कोपऱ्यातला नमुन्याचा माग तेवढा गप्प होता आणि त्याच्यासमोर कुंडलिकमामा कमरेवर हात ठेवून उभे होते.

“काय झालं, मामा?”

“मला काय इचारतायसा? तुमीच बगा की. नाव झ्याक उठलं, किनारबी झ्याक आली. आन् पुढं हे काय? मुंग्या सांडल्यावानी.”

हेमावती वाकली. पांढऱ्या सुतावर तांबड्या अक्षरांत ‘मार्टिन यांस, सोलापूरहून’ असं विणून आलं होतं. ही ओळ तिने स्वतः दोन दिवस खपून बसवली होती. तिच्याखाली दोन बोटं रुंदीची किनार होती, एकामागे एक चालणाऱ्या बदकांची. आणि किनार संपली तिथून पुढे वीतभर नुसते ठिपके होते. फूल नाही, पान नाही, चौकट नाही. तांबडे ठिपके, कसेही.

“पेनड्राइव्ह बिघडला असेल,” ती म्हणाली.

“मग दुसरा लावा.”

तिने दुसरा आणून लावला. मागाने पुन्हा बदकं विणली आणि पुन्हा तेच ठिपके काढले. मामांनी दोन्ही तुकडे एकावर एक धरून उजेडाकडे केले. ठिपक्यावर ठिपका बसत होता.

आता इथे थांबून हेमावती कोण ते सांगायला हवं, नाहीतर एका टॉवेलवरून एवढा गहजब कशाला, असं कुणालाही वाटेल. हेमावती कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. वय अठ्ठेचाळीस. लग्न झालं नाही, का झालं नाही हे विचारणारी माणसंही आता थकली. वीस वर्षं ती या कारखान्यात चादरी-टॉवेलांची नक्षी कॉम्प्युटरवर बसवते. कोणता धागा कधी उचलायचा, हे मागावरच्या जकार्ड नावाच्या पेटीला ठिपक्याठिपक्याने सांगावं लागतं. उचलला तर रंग, नाही उचलला तर पांढरं. पूर्वी मागाच्या जुन्या पेटीत मोठी नक्षी मावायची नाही आणि मालक वीरभद्रप्पा नवी पेटी घेईनात. तेव्हा हेमावतीने दोन वर्षांचे रविवार घालून एक प्रोग्राम लिहिला. मोठ्या नक्षीची तो लहानशी घडी घालायचा आणि मागावर गेल्यावर ती उलगडायचा. नावही तिने ‘घडी’ असंच ठेवलं.

आणि मग तिने तो इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला. कुणीही घ्यावा, उघडून वाचावा, सुधारावा. वीरभद्रप्पा कपाळाला हात लावून म्हणाले होते, “हेमा, लोक एक टॉवेल फुकट देत न्हाईत, तू अक्कल वाटायलीस.” ती हसली होती. कामात कुणाच्या उपयोगी पडावं आणि त्याने आपल्याला ओळखूही नये, यात तिला एक गुपचूप आनंद वाटायचा.

घडी लोकांना आवडली. आधी कापडवाल्यांनी घेतली, मग ज्यांचा कापडाशी काडीचा संबंध नाही त्यांनी. चित्रं साठवायची तर घडी सगळीकडे चालते. दवाखान्यातल्या फोटो काढणाऱ्या यंत्रांपासून तिकिटं छापणाऱ्या यंत्रांपर्यंत कुठे कुठे ती जाऊन बसली, याचा हिशेब खुद्द हेमावतीलाही नव्हता. सांभाळणारी मात्र ती एकटीच. एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडवरच्या खोलीत बसून.

तीन वर्षांपूर्वी तिची आई, चंद्रव्वा, अंथरुणाला खिळली. अव्वाचं सगळं हेमावतीलाच करावं लागे. घडीची कामं साचत गेली आणि लोकांची पत्रं यायला लागली. त्यात तीन माणसं फार टाकून बोलायची. ‘जमत नसेल तर सोडा.’ ‘एका बाईच्या घरच्या अडचणींसाठी जगाने थांबायचं का?’ ही पत्रं वाचून हेमावती आईच्या उशाशी बसून मुकाट रडायची. अव्वाला वाटायचं, आपल्या दुखण्यामुळे रडतेय.

त्याच दिवसांत मार्टिन आला. युरोपातल्या कुठल्याशा विणकरांच्या गावचा, आजी मागावर बसायची म्हणे. त्याने न सांगता चार चुका दुरुस्त करून पाठवल्या, नीटनेटक्या, जशा हेमावतीने स्वतः केल्या असत्या. मग आणखी दहा. त्या तीन तोंडाळांना त्याने सभ्य भाषेत गप्प केलं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तो आईची तब्येत विचारायचा. औषध बदललं का? रात्री झोप लागते का? ‘तुमच्याकडे माणसाची विचारपूस कशी करतात?’ असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा हेमावतीने त्याला सांगितलं, आम्ही ‘जेवलात का’ विचारतो. तेव्हापासून त्याचं इंग्रजी पत्र त्या दोन मराठी शब्दांनी संपायला लागलं. जेवलात का?

अव्वाही रोज दुपारी दोनला कारखान्यात फोन करून हेच विचारायची, कानडीत. “ऊटा आतेन?” गेल्या वर्षी अव्वा गेली आणि दोनचा फोन बंद झाला. मार्टिनचं पत्र मात्र येत राहिलं. सहा महिन्यांपूर्वी हेमावतीने घडीची अर्धी किल्ली त्याच्या हातात दिली. म्हणजे आता घडीची नवी आवृत्ती तोही परस्पर जगात सोडू शकत होता. दोन त्याने सोडल्याही. तिसरी, मोठी, आज दुपारी चार वाजता निघायची होती.

आपल्याकडे माणसाचा मान करायचा तर टॉवेल-टोपी देतात. टोपी युरोपात कोण घालणार, पण टॉवेल तर आपल्या घरचाच. नव्या आवृत्तीबरोबर मार्टिनला टॉवेलाचा आहेर पाठवायचा, असं तिने ठरवलं. घडी ठीक चालते का हे तपासायला प्रोग्रामसोबत काही नमुन्याच्या नक्षी ठेवलेल्या असतात. त्यातली अठरावी मार्टिननेच घातली होती. ‘माझ्या आजीच्या टॉवेलची किनार’, असं त्याने सोबत लिहिलं होतं. त्याच्या आजीची किनार सोलापुरी सुतात विणून त्यालाच द्यायची, या कल्पनेने हेमावती आठवडाभर हरखून गेली होती.

आणि आता तो आहेर मागावर पसरला होता, वीतभर मुंग्यांसकट.

“रिपीट न्हाय ह्याला, फिरून तीच नक्षी येत न्हाय,” मामा ठिपक्यांवर बोट फिरवत म्हणाले. “चाळीस वर्सं झाली मला मागावर. रिपीट नसलेली नक्षी आजपतूर बगितली न्हाय.”

“बिघडलेली फाइल आहे, मामा.”

“बिघडल्याली न्हाय, ताई. बिघडल्यालं कापड कसंबी बिघडतंय. हे बगा, हितं. सात धागं नाचत्यात आन् आठवा उचलतच न्हाय. पुन्ना सात, पुन्ना आठवा गप. ह्या काठापासनं त्या काठापतूर.”

हेमावतीने कापड तिरकं धरलं. खरंच होतं. त्या सगळ्या गोंधळातून दर आठव्या धाग्यावर एक पांढरी रेघ सरळ खाली उतरत होती, वहीवर आखून दिल्यासारखी.

तिने ठिपक्यांची घरं मोजायला घेतली. कारण दर आठवं घर रिकामं कशात असतं, हे तिला ठाऊक होतं. कॉम्प्युटरमध्ये इंग्रजीचं एक अक्षर आठ घरांत बसतं आणि त्यातलं एक घर नेहमी रिकामं राहतं. ही नक्षी नव्हती. हे लिखाण होतं. कुणीतरी बदकांच्या मागे काहीतरी लिहून ठेवलं होतं.

“काय लिवलंय?” तिचा चेहरा बघून मामांनी विचारलं.

“बघते,” ती म्हणाली. पण जिना चढताना तिने कठडा धरला, जो ती कधी धरत नसे.

वर येऊन तिने अठरावी नक्षी पुरी उघडली. पडद्यावर ती आजवर फक्त बदकंच बघत आली होती, कारण नमुन्यांच्या यादीत प्रत्येक नक्षीच्या पहिल्या साठ ओळीच दिसत. पान लवकर उघडावं म्हणून केलेली ही सोय मार्टिनचीच. तिने तेव्हा त्याचं कौतुकही केलं होतं. आता तिने साठच्या पुढच्या ओळींतले ठिपके आठ-आठ करून अक्षरांत बदलले आणि ती वाचू लागली.

वाचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. विश्वास बसायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला. घडीची नवी आवृत्ती बांधली जाताना, सहसा कुणी उघडत नाही अशा बांधणीच्या यादीतली एक ओळ गुपचूप या नक्षीकडे जायची, ठिपक्यांतले हुकूम उचलायची आणि घडीच्या पोटात शिवून टाकायची. मग ज्या ज्या यंत्रात घडी असेल, त्या यंत्राला मागच्या बाजूने एक दार. दाराची किल्ली एकाच माणसाकडे. घडीचा प्रोग्राम शेकडो लोक उघडून वाचतात, त्यात एक वावगं अक्षर सापडलं नसतं. पण नमुन्याची चित्रं कोण वाचतं? ती तर टॉवेलची किनार. कुणाच्या आजीची.

तिने मागच्या दोन आवृत्त्या उघडल्या. पहिलीत ती ओळ नव्हती. दुसरीत होती.

दवाखान्यातली यंत्रं तिच्या डोळ्यांपुढे आली. अव्वाच्या छातीचा फोटो काढणारं ते यंत्रही. घड्याळात पावणेदोन वाजले होते. चारला मोठी आवृत्ती सुटणार होती आणि ती एकदा सुटली की मोठमोठ्या कंपन्या ती डोळे झाकून उचलणार होत्या, कारण हेमावतीवर त्यांचा विश्वास होता.

शहाण्या माणसाने त्या क्षणी मार्टिनकडची घडीची किल्ली काढून घेतली असती. हेमावतीने त्याला पत्र लिहिलं. वेडी म्हणा, भोळी म्हणा. तीन वर्षं जो माणूस अव्वाच्या गोळ्यांची नावं पाठ करून होता, त्याला एकदा विचारल्याशिवाय चोर कसं म्हणायचं? कुणी त्याच्या नावाने केलं असेल. त्यालाच कुणी फसवलं असेल. तिने लिहिलं, ‘अठराव्या नमुन्यात किनारीपुढे काय आहे?’

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘अगं, काही नाही. मुद्दाम बिघडवलेला भाग आहे तो, तपासणीसाठी. तू दमलेली वाटतेस. आई गेल्यापासून विश्रांती घेतलीच नाहीस. आजचं सगळं मी बघतो. जेवलात का?’

ते वाचून तिला क्षणभर इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. अशीच असते माणसाची जात. बुडताना काडीसुद्धा ओळखीची हवी असते.

मग तिने इंटरनेटवरचं घडीचं पान उघडलं. अठरावी नक्षी तिथे नव्हती. गेल्या दोन मिनिटांत ती पुसली गेली होती. आणि चारला सुटायची आवृत्ती आत्ताच बांधायला घेतली होती, पुसण्याआधी उचललेल्या त्याच नक्षीसकट, घाईघाईने. कडेला एक हिरवी पट्टी पुढे सरकत होती. तीस टक्के. चाळीस.

हेमावतीने पट्टी थांबवली. घाईत आधी दोनदा चुकीच्या जागी दाबलं गेलं. मग तिने मार्टिनची किल्ली काढून घेतली. ‘नक्की का?’ असं पडद्याने विचारलं. तिने हो दाबलं.

लगेच पत्र आलं. ‘हेमा, हे काय करतेस? लोक हसतील तुला. तिथे काहीच नाही, बघ हवं तर.’

तिथे खरोखरच काही नव्हतं. पण खाली मागाच्या पेटीत पेनड्राइव्ह होता आणि मागावर वीतभर कापड होतं. जगाच्या पाठीवर कुठल्याही प्रोग्रामवाल्याने आपला नमुना सुतात विणून बघितला नसता. या बयेने बघितला, तोही संशयाने नव्हे. आहेर द्यायचा होता म्हणून.

तिने त्याला उत्तर लिहिलं नाही. थोड्या वेळाने तिने पान पुन्हा उघडलं तर मार्टिनचं नावच तिथे उरलं नव्हतं. तीन वर्षांची वस्ती उठली होती, मागे राखसुद्धा नाही. सवयीने तिने पानावरच्या जुन्या पत्रांची यादी वर-खाली केली आणि तिचा हात जागीच थांबला. ते तीन तोंडाळ, अव्वाच्या आजारपणात तिला घालूनपाडून बोलणारे, तेही नाहीसे झाले होते. तिघेही. त्याच मिनिटाला.

हा घाव दाराच्या घावापेक्षा खोल बसला. शिव्या देणाराही तोच होता आणि डोळे पुसायला येणाराही तोच. आधी तिला एकटं पाडलं आणि मग सोबतीला येऊन बसला. केसाने गळा कापला, आणि तिने मात्र केसाला फुलं माळली होती. हेमावती खुर्चीत बसून राहिली. रडूही येईना. खाली चोवीस माग धडधडत होते आणि तिला त्यांचा आवाज येत नव्हता.

जिन्यावर चपला वाजल्या. वीरभद्रप्पा आले होते. मामांनी त्यांना काहीतरी सांगितलं असणार. तिने दोन-चार वाक्यांत सगळं सांगितलं. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

“म्हंजे आपल्या कॉम्प्युटरातबी शिरला व्हय गं तो?”

“आपल्या माग चालवायच्या पेटीत जुनीच घडी आहे, अण्णा. नवी घालायला तुम्ही परवानगी दिली नव्हती.”

“बघ,” वीरभद्रप्पांना अशाही वेळी बरं वाटलं. मग ते गंभीर झाले. “पोलिसांत जाऊ या. चल, मी येतो संगट. नाव सांग त्याचं.”

“कुणाचं नाव सांगू, अण्णा?” हेमावती म्हणाली. जाताना वीरभद्रप्पा दाराशी घुटमळले. “फुकटात जग सांभाळायला निघालीस, मी नको म्हणत होतो,” एवढं म्हणून खाली उतरले. मागाच्या पेटीला कुणाला हात लावू देऊ नका, असं त्यांनी खाली गेल्यावर ओरडून सांगितलेलं तिला ऐकू आलं.

मग तिने जगाला पत्र लिहायला घेतलं. इंग्रजी तिचं कामापुरतं. ‘घडीची शेवटची आवृत्ती वापरू नका. ज्यांनी घेतली असेल त्यांनी आत्ता काढून टाका. तिच्यात मागचं दार आहे. दार करणारा कोण, मला माहीत नाही. त्याला घडीची किल्ली मी दिली. – हेमावती, सोलापूर.’ शेवटचं वाक्य तिने तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. ते ठेवलं नसतं तरी कुणी विचारणार नव्हतं. तिने ते ठेवलं आणि पत्र पाठवून दिलं.

तासाभरात उत्तरांची रीघ लागली. मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं, जी एरवी तिच्या पत्राला महिना लावत, ती मिनिटामिनिटाला विचारत होती. कुणी आभार मानले, कुणी बोल लावले. एका जाणत्याने विचारलं, ‘आमच्या एवढ्या तपासण्यांतून हे सुटलं, तुम्हाला कसं सापडलं?’ तिने खरं तेच लिहिलं, ‘विणून पाहिलं.’ त्याला वाटलं, बाईंना इंग्रजी नीट येत नाही. त्याने प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला.

पाच वाजता ती खाली आली. कुंडलिकमामांनी कापड मागावरून उतरवून घडी करून ठेवलं होतं. तिने कात्री मागितली. मुंग्यांचा तुकडा बदकांसकट कापला आणि भिंतीवर, जिथे पास झालेल्या नमुन्यांची रांग टांगलेली असते तिथे, शेवटच्या खिळ्याला अडकवला. खाली पेनने अठरा आकडा घातला. उद्यापासून कुणाचाही नमुना घडीत यायचा तर आधी या मागावर विणला जाणार होता. जगाला हसायचं तर हसू दे.

हातात नावाची पट्टी उरली. मार्टिन यांस, सोलापूरहून.

“हिचं काय करायचं?” मामांनी विचारलं.

“तेल पुसायला घ्या मागाचं.”

मामा गडबडले. “नाव हाय की वो तिच्यावर. माणसाच्या नावानं तेल कसं पुसायचं?”

“पुसा, मामा. ते नाव कुणाचंच नाही.”

मामांनी पट्टी घेतली, पण तेलाच्या डब्याकडे नेली नाही. खिशात ठेवली. मग आपल्या डब्याची पिशवी उचलून ते मागाच्या पायरीवर बसले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, “ताई, जेवला का न्हाय तुमी दुपारपासनं?”

हेमावती दचकली. तिने मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. वीस वर्षं ओळखीचा चेहरा, विडीने काळवंडलेले ओठ, पापण्यांवर सुताची पांढरी लव. ती त्या चेहऱ्यातही मागचं दार शोधत होती आणि हे कळलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

“ताई?”

“नाही,” ती म्हणाली. “नाही जेवले, मामा.”

मामांनी कडक भाकरी मोडली, तिच्यावर शेंगाचटणी ठेवली आणि अर्धी भाकरी पुढे केली. तिने भाकरी हातात घेतली. मग मामांच्या शेजारी, पायरीवर, खाली बसली.